न झाडलेला कोपरा

थंडी पडली हे मला मोबाईलवरच्या आकड्यांवरून कळत नाही, खराट्याच्या आवाजावरून कळतं. एरवी बागेतला खराटा आपला अधूनमधून खर्र खर्र करतो, पण डिसेंबर लागला की सकाळी साडेसहाला जो सुरू होतो तो थांबायचं नाव घेत नाही, कारण माळीमामा एका टोकापासून झाडत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला परत तेवढीच पानं पडलेली असतात. मी आणि अप्पा त्या आवाजातच गेटमधून आत शिरतो. अप्पा म्हणजे माझे वडील, वय ७८, दम्याचं जुनं दुखणं, कानटोपी, मफलर, हातात काठी. डॉक्टरांनी सांगितलंय चालायचं म्हणजे चालायचं, त्यामुळे अडीच फेऱ्या होतात, आणि मग उन्हाचा बाक. हे नाव आमचंच. बागेत बाक भरपूर आहेत पण सकाळचं पहिलं ऊन त्या एकाच बाकावर येतं, आधी पायांवर, मग मांडीवर, मग हातांवर, आणि हातांवर आलं की अप्पा हातमोजे काढतात. संधिवातानं बोटं वाकडी झालीयेत, ती ते उन्हात पसरून ठेवतात, उलटी सुलटी करतात. हे सगळं रोज, न चुकता, गेले चार हिवाळे.

गेटपासून बाकापर्यंत देशी बदामाची तीन मोठी झाडं आहेत, ती तळहातापेक्षा मोठ्या पानांची, फांद्या छत्रीसारख्या आडव्या थर करून वाढतात ती. थंडीत या झाडाची पानं लालभडक होतात. पिवळी, नारिंगी, लाल, तपकिरी असे सगळे रंग एकाच फांदीवर दिसतात आणि एकेक पान गळताना अक्षरशः टप् असा आवाज येतो, एवढं ते जड. पलीकडे दोन शिरीष आहेत. त्यांच्या वाळलेल्या शेंगा वारा आला की खुळखुळतात, आत सुट्ट्या झालेल्या बिया वाजतात. अप्पांना आता कमी ऐकू येतं पण शिरिषाचा खुळखुळाट येतो. तो सुरू झाला की ते मान वर करून झाडाकडे बघतात.

आता मुद्द्याचं सांगते. चार वर्षांपूर्वी, म्हणजे आम्ही यायला लागलो त्या पहिल्याच हिवाळ्यात, ही सगळी पानं जाळली जायची. झोपाळ्यांच्या मागे भिंतीलगत ढीग करायचा आणि सकाळी आठच्या सुमाराला पेटवायचा. नेमकी तीच वेळ सगळ्यांची चालायची, आजोबा आजी लोकांची, शाळेआधी बॅडमिंटन खेळायला आलेल्या पोरांची. एका सकाळी अप्पांना तिथंच बाकावर एवढी उबळ आली की खिशातला पंप दोनदा ओढूनही छाती मोकळी होईना, मी त्यांना धरून बसले होते आणि समोर धूर अगदी माणसाच्या उंचीवर आडवा पसरलेला, वर जायलाच तयार नाही.

तो वर का जात नाही हे मी त्या दिवसानंतर शोधून शोधून वाचलं, कारण रागाला काहीतरी कारण हवं होतं. एरवी आपण जमिनीपासून वर जावं तशी हवा थंड होत जाते, दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश, त्यामुळे खालची गरम हवा हलकी म्हणून वर उठते आणि सोबत धूरही नेते. हिवाळ्यातल्या निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री मात्र उलटं होतं. जमीन आपली उष्णता आकाशात टाकून झपाट्यानं गार होते, तिला चिकटलेली हवाही गार होते, आणि वरची हवा त्या मानानं गरम राहते. म्हणजे गार जड हवा खाली आणि गरम हवा तिच्यावर झाकणासारखी. सकाळी ऊन चांगलं तापेपर्यंत हे झाकण उघडत नाही. त्यात पेटवलेला ढीग म्हणजे बंद खोलीत पेटवल्यासारखंच की. आणि पाचोळा दवानं ओलसर असतो, तो नीट पेटत नाही, धुमसतो, धुमसणारा धूर जास्त वाईट. त्यातले बारीक कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असतात, आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड, म्हणजे केसाच्या विसाव्या हिश्श्यापेक्षा बारीक, ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोल जाऊन बसतात. पानांचाच तर धूर, नैसर्गिक आहे, असं म्हणणारे मला बागेत पुष्कळ भेटले. फुप्फुसाला पान काय आणि प्लास्टिक काय, हा फरक त्या कणांच्या बाबतीत फारसा कळत नाही हो.

दुसऱ्या दिवशी मी माळीमामांशी भांडायला गेले. खरंच भांडायचंच ठरवून गेले होते. ते ढिगापाशी उभे होते आणि स्वतःच खोकत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, मला काय हौस हाय का? वाटेवर पानं राह्यली की लोकं माझ्यावर वरडत्यात. पोती भरून ठेवली की कुत्री फाडत्यात. गाडी येते आठ दिसांतनं एकदा, ती म्हणती एवढं न्हाई घेणार. मग सांगा, कुठं नेऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हाच लक्षात आलं की हा माणूस रोज दोन तास ज्या गोष्टीसाठी कंबर मोडून घेतो ती गोष्ट कुणालाच नकोय, आणि नकोय म्हणून त्याची जागाही कुणी ठरवलेली नाही. धूर त्याच्या छातीत सगळ्यात जास्त जात होता आणि मी त्यालाच जाब विचारत होते.

मग सुरू झालं ते कोपऱ्याचं प्रकरण. बागेची मागची बाजू, जिथं खेळणी नाहीत आणि वाटही नाही, शिरिषाच्या पलीकडचा एक चिंचोळा पट्टा, तो झाडायचाच नाही. वाटा झाडायच्या, हिरवळ झाडायची, खेळायची जागा स्वच्छ ठेवायची आणि सगळी पानं त्या पट्ट्यात नेऊन पसरायची, जास्तीची ढीग करून कुजवायची. बागेच्या मीटिंगमध्ये मी हे मांडलं तेव्हा तीन आक्षेप आले, साप येतील, डास होतील, घाण दिसेल. सापाचा आक्षेप मी हसण्यावारी नेला नाही, नेऊही नये, पाचोळ्यात साप असू शकतो. म्हणून तर जागा खेळण्यांपासून लांब निवडली, मधे बुटकं कुंपण घातलं आणि माळीमामांना गुडघ्यापर्यंतचे बूट आणि लांब दांड्याचं दाताळं आणून दिलं, हातानं पानं उचलायची नाहीत. डासांचं म्हणाल तर डासाला अंडी घालायला साठलेलं पाणी लागतं, सुटा पाचोळा सहसा पाणी साठवत नाही, झिरपू देतो, खरा धोका कुंड्यांखालच्या ताटल्यांचा, आणि त्या आमच्या बागेत वर्षानुवर्षं भरलेल्या होत्या. त्या काढल्या. घाण दिसेल याला मात्र माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. मला ती घाण दिसत नाही, एवढंच सांगता आलं. शेवटी एका हिवाळ्यापुरती परवानगी मिळाली.

अप्पांनी त्या सुमाराला एक साधा प्रश्न विचारला. "झाडं पानं टाकतात तरी कशाला गं? एवढी मेहनत करून बनवलेली." मला वाटायचं पान म्हातारं होतं आणि गळतं, बास. पण तसं ते नुसतं गळत नाही, झाड ते सोडतं. दिवस लहान झाले, जमिनीतलं पाणी कमी झालं की पानाकडून देठाकडे येणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक कमी होतं, आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो तो सैल व्हायला लागतो. त्याच वेळी झाडाच्या बाजूला बुचासारखा दुसरा थर तयार होतो, म्हणजे पान तुटायच्या आधीच जखमेवर खपली धरलेली असते. आणि त्याआधी आणखी एक काम होतं, झाड पानातलं कामाचं सामान परत आत ओढून घेतं, नायट्रोजन तर साधारण निम्मा. हरितद्रव्य मोडलं की आधीपासून खाली दडलेला पिवळा रंग दिसायला लागतो. लाल रंगाची गोष्ट वेगळी, तो आधीपासून नसतो, तो पान जाता जाता नव्यानं तयार करतं. अप्पा हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग बाकाखालचं बदामाचं एक पान काठीनं ओढून घेतलं, देठाच्या टोकाला जिथं ते फांदीला चिकटलेलं असतं तिथं बोट लावलं आणि म्हणाले, "अगदी गुळगुळीत आहे बघ. तोडल्यासारखं नाही." तुम्हीही कधी बघा लावून. ओढून तोडलेल्या पानाचा देठ फाटका असतो, गळलेल्याचा नाही.

तर तो पहिला हिवाळा. पट्ट्यात गुडघाभर पाचोळा झाला, आणि पहिले आले सातभाई. ते बागेत आधीही होते, कचकच करत फिरायचे, पण पाचोळा नव्हता म्हणून थांबायचे नाहीत. आता सकाळी आठला पूर्ण टोळी उतरायची, सात असतीलच असं नाही, कधी सहा कधी नऊ, आणि चोचीनं पानं उलटायची. एक पान उचलायचं, बाजूला फेकायचं, खाली बघायचं, पुढचं. पाच-सहा जण एका ओळीत पुढे सरकत पानं उडवतायत आणि एक जण वर फांदीवर बसून पहारा देतोय, मधूनच दोघं शेजारी बसून एकमेकांची पिसं साफ करतायत. थंडीत ते पिसं फुगवून चेंडूसारखे गोल होतात, पिसांमधे हवा अडकते आणि तीच त्यांची गोधडी. पक्ष्याच्या अंगाचं तापमान ४० अंशांच्या आसपास असतं, बाहेर दहा अंश आहे आणि आत चाळीस टिकवायचंय म्हणजे सकाळभर खाणं हेच काम. आणि ते खाणं कुठं आहे? पानाच्या खाली. आम्ही इतकी वर्षं त्यांचं ताट उचलून जाळत होतो.

मी मग वाकून वाकून बघायला लागले, कुंपणाच्या अलीकडून, काठीनं एखादं पान उलटून. वरची पानं कोरडी आणि करकरीत, त्याखालची मऊ, त्याखालची काळी आणि जाळीदार, नुसत्या शिरा उरलेल्या, आणि सगळ्यात खाली पान राहतच नाही, माती होते. वीतभर खोलीत पूर्ण गोष्ट. त्यात गुंडाळी करून पडलेले वाणी, झरकन पळणारी गोम, टिचकी मारल्यासारखे उडणारे स्प्रिंगटेल नावाचे इवलेसे जीव, हे तर मीठ सांडल्यासारखे असंख्य. गांडुळं थंडीत आणि कोरड्यात खोल जातात पण ओल टिकून असलेल्या जागी त्यांच्या विष्ठेच्या छोट्या छोट्या गोळ्या सकाळी दिसायच्या. चार्ल्स डार्विननं आयुष्याच्या शेवटाला, १८८१ मध्ये, एक आख्खं पुस्तक गांडुळांवर काढलं होतं. त्यानं बघितलं की गांडूळ पान बिळात ओढताना बहुतेक वेळा टोकाकडून पकडतं, कारण टोकाकडून ते सोपं आत जातं. मग त्यानं कागदाचे त्रिकोण कापून टाकून बघितले, तर तेही बऱ्याचदा निमुळत्या कोपऱ्यानंच ओढलेले. जगभर नाव झालेला म्हातारा माणूस कुंड्यांमधे गांडुळं पाळून कागदाचे त्रिकोण टाकतोय, हे चित्र मला फार आवडतं. अप्पांनाही आवडलं. पुढचे आठ दिवस बाकावर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते सांगितलं.

एक दिवस पाचोळ्यातलं एक पान उडालं. खरंच, मी काठी पुढे केली आणि तपकिरी पान उठलं, वेडंवाकडं दोन हात उडालं आणि परत पानांत पडलं, आणि पडल्यावर मला ते सापडेना. इव्हिनिंग ब्राऊन नावाचं फुलपाखरू. पावसाळ्यात जन्मलेल्या पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळ्यांसारखे ठिपके असतात, कोरड्या दिवसांत जन्मलेल्या पिढीला ते जवळपास नसतातच, ती थेट वाळक्या पानासारखी दिसते, मधली शीर आणि कुजल्याचे डागसुद्धा. एकाच फुलपाखराचे दोन ऋतूंचे दोन कपडे. आता विचार करा, हे फुलपाखरू पाचोळ्यात लपायला म्हणून असं झालंय, आणि पाचोळाच नसेल तर ते स्वच्छ झाडलेल्या फरशीवर वाळक्या पानाचं सोंग घेऊन एकटंच बसणार.

थंडीतली बाग तशी माणसांनीही भरलेली असते, तेही सांगायला हवं, नाहीतर वाटेल तिथं मी आणि किडेच. संध्याकाळी दिव्याखाली बॅडमिंटन चालतं, शटल दिसत नाही तरी चालतं. हसणाऱ्या मंडळींचा गट थंडीत उशिरा येतो आणि जास्त जोरात हसतो. पोरं तोंडातून वाफ काढून दाखवतात. शेजारच्या इमारतीतली एक सात-आठ वर्षांची मुलगी आहे, तिला मी घरातलं जुनं भिंग दिलं, ती रविवारी कुंपणाशी पालथी पडून पाचोळा बघते आणि वहीत आकडे लिहिते. पायांचे आकडे. सहा, आठ, चौदा, "मोजता आले नाहीत". मला ती वही बघितली की फार बरं वाटतं.

डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री आम्ही काही जण बागेत उल्का बघायला आडवे झालो होतो, जेमिनिड्स, मिथुन राशीच्या दिशेनं येतात त्या. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूच्या धुळीचे असतात, हा मात्र फेथॉन नावाच्या, १९८३ मध्ये सापडलेल्या एका लघुग्रहाच्या मागे उरलेल्या कणांचा. गावातल्या उजेडात फार दिसल्या नाहीत, तासाभरात अकरा. पण त्या रात्री कळलेली गोष्ट वेगळीच. मोकळ्यावर पसरलेली सतरंजी चिंब भिजली आणि शिरिषाखाली पसरलेली जवळपास कोरडी. दव काही वरून पडत नाही. उघडं गवत आकाशाकडे उष्णता फेकून आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं आणि हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. झाडाखाली मात्र वरच्या फांद्या ती उष्णता अडवून परत खाली देतात, गवत तेवढं गार होतच नाही. म्हणजे झाड रात्री खालच्या सगळ्यांवर पांघरूण घालून उभं असतं. सकाळी बघा, मोकळ्या हिरवळीवर दव आणि झाडाच्या बुडाशी कोरडा गोल. आणि कोळ्यांची जाळी! एरवी दिसतही नाहीत अशी शेकडो, गवताच्या पात्यापात्यांत, प्रत्येक धाग्यावर पाण्याचे मणी एकसारख्या अंतरावर. पृष्ठताणामुळे पाणी धाग्यावर सलग राहूच शकत नाही, त्याचे मणी होतात. ऊन वर आलं की दहा मिनिटांत सगळं गायब, जाळी तिथंच असतात, दिसत नाहीत.

अप्पांची एक तक्रार दर जानेवारीत ठरलेली. "२२ डिसेंबरपासून दिवस मोठा होतो म्हणतात, मग माझ्या बाकावर ऊन रोज आणखी उशिरा का येतंय?" तक्रार अगदी बरोबर आहे. सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण सगळ्यात उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो, त्यानंतर असतो, आणि विषुववृत्ताच्या जितकं जवळ जाल तितका आणखी उशिरा, पार जानेवारीच्या मध्यापर्यंत आणि त्याही पुढे. पृथ्वीचा आस कललेला आणि तिची कक्षा लांबट, या दोन्हीमुळे त्या दिवसांत सूर्याच्या हिशोबाचा दिवस आपल्या घड्याळाच्या २४ तासांपेक्षा जवळजवळ अर्धा मिनिट मोठा असतो, त्यामुळे सूर्याची दुपार रोज थोडी पुढे सरकते आणि सोबत सूर्योदयही. संध्याकाळ मात्र डिसेंबरातच लांबायला लागलेली असते. आणि गंमत म्हणजे ४ जानेवारीच्या आसपास आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो, १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, जुलैपेक्षा तब्बल ५० लाख किलोमीटर जवळ. "जवळ असून उपयोग काय," अप्पा म्हणाले, "तिरका बघतोय." खरंय, सगळा खेळ तिरक्या उन्हाचाच आहे.

आणि धोबी. तो मी मुद्दाम मागे ठेवला. पांढरा धोबी, काही जण परीट म्हणतात, राखाडी पाठ, पांढरा चेहरा, लांब शेपूट, आणि ती शेपूट सतत वर खाली, वर खाली, जसं काही कपडे आपटतोय. वजन साधारण २० ग्रॅम. युरोप आणि आशियाच्या उत्तरेकडच्या थंड पट्ट्यात त्याची वीण होते आणि थंडीत तो दक्षिणेकडे येतो, काही आफ्रिकेत, काही दक्षिण आशियात. शेपूट का हलवतो यावर अभ्यासकांनी बरंच डोकं लावलंय, मी सावध आहे, मला पकडायच्या नादी लागू नकोस, असं शिकाऱ्याला सांगणं असावं असं त्यांच्यातल्या काहींना वाटतं. आमच्या बागेत एकच येतो. दरवर्षी तोच येतो का हे मला ठामपणे सांगता येणार नाही, त्यासाठी पायात कडं हवं. ते कड्याचं काम डेन्मार्कमधल्या हान्स मॉर्टेन्सेन नावाच्या शिक्षकानं १८९९ मध्ये नीट पद्धतशीर सुरू केलं, साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायात अॅल्युमिनियमची कडी घालून, तेव्हापासून कोण कुठून येतो हे कळायला लागलं. अप्पांना कड्याची गरज वाटत नाही. ऑक्टोबरात पहिल्यांदा दिसला की ते "आला!" एवढंच म्हणतात आणि टोपी जरा मागे सरकवतात. पहिल्या वर्षी तो फक्त हिरवळीवर धावायचा. कोपरा सुरू झाल्यावर हिरवळ आणि कोपरा अशा त्याच्या चकरा सुरू झाल्या.

यंदाच्या जानेवारीतली एक सकाळ. नऊ अंश. बाकावर ऊन यायला अजून वीस मिनिटं होती, अप्पांची बोटं एवढी आखडलेली की काठीची मूठ नीट धरता येत नव्हती. माळीमामा पट्ट्यात होते, त्यांचा ढीग उलटायचा दिवस. हे ढिगाचं शास्त्र आता त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त कळतं. नुसता कोरडा पाचोळा वर्षभर तसाच पडून राहतो, त्यात कार्बन फार आणि नायट्रोजन कमी, म्हणून त्यात हिरवळ कापल्यावरचं ओलं गवत मिसळायचं, साधारण तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन जमला की काम सुरू होतं. बदामाची पानं मोठी असतात, एकावर एक चिकटून थापी बनतात आणि आत हवा जात नाही, म्हणून ती आधी फावड्यानं चुरायची. ओल किती, तर पिळलेल्या फडक्याएवढी. आणि ढीग निदान कंबरेएवढा तरी हवाच, लहान ढिगाची ऊब टिकत नाही. पहिल्या वर्षी हे काहीच जमलं नव्हतं, ढिगाला वास मारायला लागला आणि पुन्हा जाळायची भाषा सुरू झाली होती. माळीमामांनीच तो तीनदा उपसून परत रचला. कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी दाताळ्यानं ढिगाची एक बाजू उघडली आणि आतून वाफ आली. भकाभका नाही, अशी संथ, पांढरी, गार हवेत सरळ वर जाणारी. मी अप्पांना धरून कुंपणापर्यंत नेलं. ढिगाच्या पोटात कोट्यवधी जिवाणू पानं खात असतात आणि त्या खाण्यातून ऊब निघते, चांगला जमलेला ढीग आतून ५० ते ६० अंशांपर्यंत तापतो. मी मागच्या आठवड्यात लांब दांडीचा थर्मामीटर खुपसला होता तेव्हा ५४ दाखवत होता. धुराचा वास नाही, ओल्या मातीचा वास. अप्पांनी हातमोजे काढले, काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात कुंपणावरून पुढे करून त्या वाफेवर धरले. तळवे, मग पालथे, मग परत तळवे. उन्हात धरतात तसेच. हीच पानं चार वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत धूर होऊन गेली होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि श्वासाचा आवाज ऐकत होते, सवयच लागलीय मला, तो अगदी साधा चालू होता.

ढिगाच्या पलीकडच्या उतारावर धोबी आला होता. उकरलेल्या भागातून बाहेर आलेले किडे टिपत, शेपूट आपटत, आमच्यापासून सहा-सात हातांवर. आम्ही तिघंही हललो नाही. त्याचं टिपून झालं, उडाला, आणि हिरवळीवर जाऊन उतरला.

माळीमामांनी दाताळं टेकवलं. "अप्पा, उद्या त्या बाजूनं उघडतो. ती आजून गरम असंल."

"किती वाजता?" अप्पांनी विचारलं.